अप्पांची लाल गाडी आणि माझी जाहीर सभा

घरातली सगळ्यात लाडकी वस्तू विकायची वेळ आली, तर ते काम तुम्ही घरातल्या क्रांतिकारकावर सोपवाल का? आमच्या अप्पांनी सोपवलं.

वस्तू म्हणजे अप्पांची गाडी. लाल, बुटकी, दोन दारांची विलायती स्पोर्ट्स कार. चिकमगळूरच्या एका कॉफीमळेवाल्याकडून अप्पांनी ती तरुणपणी घेतली होती, आणि तेव्हापासून बेंगळुरूच्या चिकपेठेतल्या आमच्या कापडाच्या दुकानातलं उत्तम मलमल गिऱ्हाइकाच्या आधी गाडीला मिळत असे. गाडीत बसायचं तर चपला बाहेर काढायच्या. आत काही खायचं नाही. दार आपटणाऱ्याशी अप्पा आठवडाभर बोलत नसत. जागा दोघांपुरतीच, आणि घरात आम्ही चौघं. त्यामुळे लग्नाकार्याला अप्पा आणि आई गाडीतून निघत, मी आणि अक्का सिटी बसनं. आणि आम्ही आधी पोचायचो! (अप्पा प्रत्येक खड्ड्याला मान देऊन वळसा घालत. जे. पी. नगरात तेव्हा मान देण्यासारखे खड्डे पुष्कळ होते.)

मग अप्पांची कंबर गेली. ही गाडी इतकी बुटकी, की तिच्यात बसणं म्हणजे जवळजवळ आडवं होणं. आत जाताना अप्पा आपोआप जात. बाहेर काढायला आई, अक्का, मी आणि समोरच्या घरातलं जे कोणी दाढी करत नसेल ते, एवढे लागत. डॉक्टर म्हणाले, "गाडी ठेवा नाहीतर कंबर ठेवा."

पहिला आला तो जुन्या गाड्यांचा दलाल. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "इंजिन एकाला देतो, दारं दुसऱ्याला, सीटा तिसऱ्याला. अख्खी गाडी कोण घेतो, सार?"

अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. "तिचे तुकडे करणार म्हणतो," एवढंच पुटपुटत राहिले. मग आम्हा दोघी बहिणींना बोलावून म्हणाले, "पैसा कमी आला तरी सरी. पण ती अख्खी राहिली पाहिजे. तिला पुसणारा माणूस पाहिजे."

"पेपरात जाहिरात देऊ या," अक्का म्हणाली. "तीन ओळी पुरतील."

"तीन ओळी?" मी उसळले. "हा तुला तीन ओळींचा प्रश्न वाटतो?"

इथे माझ्याबद्दल सांगायला हवं. आमचे आजोबा पत्रकं छापून वाटायचे. दारूविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, भाववाढीविरुद्ध. इतर आजोबा नातवंडांना राक्षसाच्या गोष्टी सांगतात, आमचे आजोबा मला पत्रकं वाचून दाखवत. (राक्षस त्यांतही असायचेच.) परिणाम असा, की मला साधं वाक्य लिहिताच येत नसे. कॉलेजात रजेचा अर्ज लिहिला, तरी त्यात 'आता सहनशीलतेचा अंत झाला आहे' हे यायचंच! शिवाय मी कधी खोटं बोलत नसे आणि कुणाला बोलूही देत नसे. त्यामुळे आमच्याकडे पाहुणे कमी येत.

"लिही तू," अप्पा म्हणाले. "पण स्वल्प सभ्य लिही, पुट्टी." (पुट्टी म्हणजे कन्नडात छकुली.)

मी सभ्यच लिहिलं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड:

'नागरिकहो, जागे व्हा! एका बापानं पोटच्या पोरीसारखी जपलेली लाल गाडी दलालांच्या घशात जाऊ द्यायची काय? तिचे तुकडे होताना तुम्ही उघड्या डोळ्यांनी पाहणार काय? नाही! त्रिवार नाही! रविवारी सकाळी आमच्या दारी प्रचंड संख्येने उपस्थित राहा!'

खाली पत्ता. गाडी विकायची आहे, हे लिहायचं राहून गेलं. (जागा संपली होती. 'त्रिवार नाही' मोठ्या टायपात होतं.)

पत्रकं पेपराच्या घड्यांतून घरोघर गेली. रविवारी सकाळी आई दूध घ्यायला फाटकाशी गेली आणि तशीच परत आली.

"अगं, बाहेर माणसं आहेत."

"गिऱ्हाइकं!" मी म्हणाले.

"एवढी?"

प्रचंड संख्येने म्हटल्यावर लोक प्रचंड संख्येनेच आले होते. गल्ली भरली होती. शेंगदाणेवाला आला होता. दोन पोरी 'कारु उळिसी', म्हणजे 'गाडी वाचवा', असं लिहिलेलं जुनं धोतर धरून उभ्या होत्या. आणि कुठलीही सभा असली की आपोआप अध्यक्ष होणारे आमचे निवृत्त हेडमास्तर व्यंकोबराव स्वतःची खुर्ची स्वतः घेऊन आले होते.

"गाडी कुणाला घ्यायची आहे का?" मी विचारलं.

"छे छे!" व्यंकोबराव म्हणाले. "आम्ही वाचवायला आलोय."

मी काही बोलायच्या आत सभा सुरू झाली. माझ्या पत्रकाचं जाहीर वाचन झालं. दोन बायकांनी डोळे पुसले. (खरं सांगते, मलाही जरा भरून आलं. लिहिलं होतंच तसं!) मग कृती समिती नेमली गेली आणि टाळ्यांच्या गजरात एकमतानं ठराव झाला: ही गाडी कुणालाही विकू द्यायची नाही!

"अगं पुट्टी," अप्पा खिडकीतून कळवळून म्हणाले, "मला विकायची आहे गं!"

नेमके तेव्हाच प्रधान आले. वायुदलातून निवृत्त झालेले, शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या येलहंक्याचे. त्यांच्या मेहुणीनं पत्रक दाखवलं होतं, आणि सबंध बेंगळुरूमध्ये त्यातून 'गाडी विकाऊ असावी' एवढा अर्थ काढणारा हा एकच माणूस निघाला.

"एक्स्क्यूज मी, गाडी बघायला आलोय."

"कुठाय दलाल? हाच दलाल!" मागून कोणीतरी ओरडलं.

अप्पांनी त्यांना घाईघाईनं फाटकातून आत ओढलं. प्रधानांनी न सांगता बूट काढले. मोजे काढले. खिशातून रुमाल काढून तळपाय पुसले, आणि मगच गाडीत बसले. दार लावलं, तेही बोटांच्या टोकांनी. अप्पांचा चेहरा मी पाहिला. अक्काचं लग्न ठरलं तेव्हाही तो इतका उजळला नव्हता! कंबर विसरून ते धप्पकन शेजारच्या सीटवर बसले.

आणि सभा गाडीसमोर येऊन बसली. मांडी घालून.

"घेराव!" व्यंकोबरावांनी जाहीर केलं.

मी कंपाउंडच्या भिंतीवर चढले. "मित्रांनो, हे दलाल नाहीत! आपली चूक होते आहे!"

"जिंदाबाद!" सभा म्हणाली.

"ऐका, ही गाडी विकायचीच आहे!"

"विकू देणार नाही!"

आयुष्यात प्रथमच माझं आंदोलन यशस्वी झालं होतं, आणि ते मोडायला मी घसा फोडत होते!

इतक्यात पोलीस आला. त्यानं सायकल लावली, गर्दी पाहिली, पत्रक पाहिलं आणि विचारलं, "यारु लीडरु?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. आमच्या आईनंसुद्धा.

"सभेला परमिशन?"

"सभा नाही सार, गाडी विकतोय."

"मग हे 'विकू देणार नाही' का ओरडतात?"

"मीच सांगितलंय."

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं, खोटं बोलतेय का म्हणून माझ्याकडे निरखून पाहिलं, आणि व्यंकोबरावांनी दिलेल्या खुर्चीवर बसून शेंगदाणे मागवले.

आत गाडीत मात्र शांतता होती. काचा वर, आणि दोघं बोलतायत. अप्पा हात हलवून खड्डे कसे चुकवायचे ते दाखवत होते आणि प्रधान विमान उतरवल्यासारखी मान हलवत होते. बऱ्याच वेळानं आईनं घाबरत घाबरत उपम्याच्या दोन बश्या खिडकीतून आत दिल्या. अप्पांनी घेतल्या! गाडीत! रवा सांडला, तर प्रधानांनी तो एकेक कण बोटानं टिपला.

तेव्हा अप्पांनी काच खाली केली.

"व्यंकोबराव," ते म्हणाले. भाषण असं त्यांनी जन्मात केलं नव्हतं. "तुम्ही सगळे तिच्यासाठी आलात. मी ऋणी आहे. पण बघा, उन्हापावसात माझ्याच्यानं आता तिच्याकडे बघणं होत नाही. हे बघतील. जाऊ द्या तिला."

मग व्यंकोबराव खाकरले आणि म्हणाले, "ठराव दुरुस्त करण्यात येत आहे."

पुढचा प्रश्न अप्पांना बाहेर काढण्याचा. कंबर धरली होती. कृती समितीनं पाय धरले, पोलिसानं खांदे धरले, आणि 'कारु उळिसी'च्या धोतराचा झोळीसारखा वापर करून माझ्या वडिलांना गाडीपासून वेगळं केलं गेलं. ते रडत होते. कंबरेमुळे, असं ते म्हणतात.

गाडी येलहंक्याला गेली. प्रधान अधूनमधून निरोप पाठवतात, "उत्तम आहे." पण अप्पांचा विश्वास बसत नाही. "मालक स्वतः कशाला सांगेल वाईट?" असं म्हणून ते उठतात, बसस्टॉपपर्यंत जातात आणि कंबर धरून परत येतात. पावसाळा आला की हे रोज चालतं.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्यापैकी कुणाचं येलहंक्याकडे जाणं झालं, तर तेवढी लाल गाडी पाहून या. सावलीत आहे का, पुसलेली आहे का, बघा. आणि येताना चिकपेठेत आमच्या दुकानात डोकावून गल्ल्यावर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना सांगा, की ती छान आहे, झळकते आहे. तशी नसली, तरी तसंच सांगा. हो, मीच म्हणते आहे! आणि हे मी सांगायला लावलं का, असं कुणी विचारलंच, तर चक्क नाही म्हणा.