वादळाची दोन कडवी

“जा. मी हाय दाराशी.”

स्टेजवर जायच्या आधी प्रत्येक मुलाची कॉलर सरळ करायची, पाठीवर हलकी थाप मारायची आणि एवढंच म्हणायचं, ही मावशींची पद्धत. मग चपला हातात घेऊन त्या हॉलच्या मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. चपला हातात कशाला, असं मी एकदा विचारलं. “वाजत्यात,” त्या म्हणाल्या.

लोणावळ्यातल्या आमच्या मिशनच्या प्राथमिक शाळेत मी सतरा वर्षं स्पर्धा आणि उपक्रम बघते. स्पेलिंग, प्रश्नमंजुषा, बायबल क्विझ, रेसिटेशन, संमेलन. माझं काम यादीवर चालतं. मुलांची नावं, बसची वेळ, ओळखपत्रं, डबे, उलटीच्या पिशव्या, सेफ्टी पिना. ओळीपुढं बरोबरची खूण झाली की ती गोष्ट माझ्यापुरती मिटते. तुमच्यापैकी कुणी शाळेत काम केलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, शाळा चालते ती यादीत नसलेल्या माणसांवर. मावशी माझ्या कुठल्याच यादीत नव्हत्या.

त्या भाजे गावाहून यायच्या. हॉल, कॉरिडॉर आणि खालची बाथरूमं यांची सफाई त्यांच्याकडे. जेवणाच्या सुट्टीनंतर हॉलमध्ये तालमी चालायच्या आणि त्याच वेळी मावशींची फरशी पुसणं चालायचं. स्टेजवर कुणी कविता म्हणायला लागलं की फडकं थांबायचं. त्या गुडघ्यावर बसून त्या मुलाच्या तोंडाकडे बघत राहायच्या. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं, पण इतक्या वर्षांच्या सगळ्या कविता येत होत्या. सकाळच्या प्रार्थनेतलं ‘आवर फादर’ यायचं. ते झालं की त्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावायच्या.

एकदा स्टाफरूममध्ये एक टीचर जुन्या कवितेची ओळ आठवत होत्या. चहा घेऊन आलेल्या मावशींचे ओठ हलले. आम्ही सगळ्या म्हणालो, “मोठ्यानं म्हणा ना मावशी.”

“आवाजानं न्हाई येत मला,” त्या म्हणाल्या. “नुसतं तोंडानं येतं.”

मुलांना तेवढं पुरायचं. स्टेजवर कुणी अडलं की ते दाराकडे बघायचं, मावशींच्या ओठांवरून पुढचा शब्द उचलायचं आणि सुटायचं. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं. त्यात काही गैर आहे असं कधी कुणाच्या मनात आलं नाही. हॉलला पंखे असतात, तशा दाराशी मावशी असायच्या.

काजलला त्यांनीच शाळेत आणलं. भाज्याच्या वरच्या डोंगरातल्या वाडीतली मुलगी. आईबाप मजुरीला जायचे. मावशी मुख्याध्यापिका सिस्टरांना भेटल्या, प्रवेश झाला आणि रोज सकाळी मावशींचं बोट धरून ती मळवली स्टेशनावरून लोकलनं शाळेत यायला लागली. पण वर्गात काजल बोलायची नाही. हजेरीला हात वर करायची. तीन वर्षं आम्ही तो हातच ऐकला.

चौथीनंतर आमच्या मोठ्या शाळेत जायचं तर तोंडी परीक्षा असते. सिस्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, “टीचर, बोलली नाही तर मला तिला पाचवीला पाठवता येणार नाही.”

मग एका दुपारी मी हॉलच्या मागच्या खोलीत बॅनर शोधत होते. बाहेर कुणीतरी दीपस्तंभाच्या रखवालदाराची कविता म्हणत होतं, अगदी खणखणीत. मी डोकावून पाहिलं. रिकाम्या स्टेजवर काजल आणि समोर बादलीशेजारी मावशी. मी त्याच दिवशी तळेगावच्या आंतरशालेय स्पर्धेसाठी तिचं नाव घातलं. पाहुण्या परीक्षकांपुढं ती बोलली की पाचवीचा प्रश्न मिटेल, असं मी मनाशी धरलं होतं.

मावशींना आनंद झाला, पण काजल हातानं कंदील धरून दाखवायची, त्यावरून त्यांना एक शंका होती. “बाई, त्ये मानूस कंदील घिऊन जातंय तरी कुटं?”

“कुठं जात नाही मावशी. एका जागी राहतो. जहाजांना रस्ता दिसावा म्हणून दिवा लावतो.”

“म्हंजी वॉचमन,” त्या म्हणाल्या.

स्पर्धेची वेळ चार मिनिटं. कविता सहा कडव्यांची, सव्वापाच मिनिटं लागत होती. मी कात्री घेतली, मधली वादळाची दोन कडवी कापली आणि उरलेला कागद चिकटवून टाकला. कापलेले तुकडे फाडून टोपलीत टाकले. नको असलेला कागद मी ठेवत नाही. काजलला सांगितलं, क्लास टीचरला सांगितलं. दोन्हींपुढं खुणा केल्या.

तळेगावच्या हॉलमध्ये काजल उभी राहिली. पहिलं कडवं, दुसरं. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत येत होता. मग तिनं सवयीनं दाराकडे पाहिलं. दाराशी मावशी होत्या आणि त्यांच्या ओठांवर वादळ सुरू झालं होतं. काजल त्यांच्यामागून वादळात शिरली. साडेतीन मिनिटांची घंटा झाली. चौथ्या मिनिटाची झाली. मी फाइल उंच धरून हलवली. मावशी थांबेनात, म्हणून काजल थांबेना. पूर्ण कविता झाली तेव्हा लोकांनी भरपूर टाळ्या वाजवल्या. एका परीक्षकांनी मात्र मान वळवून दाराकडे पाहिलं होतं. वेळेचे गुण कापले गेलेच, शिवाय ‘बाहेरून मदत’ म्हणून तिचा प्रवेशच रद्द झाला.

परतीच्या बसमध्ये मावशी माझ्या शेजारी येऊन बसल्या. “बाई, माजं चुकलं का काय?”

“वादळाची दोन कडवी काढली होती मावशी.”

“कवा?”

“गुरुवारी.”

“गुरवारी मी खाली बाथरूमं धूत व्हते,” त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. बस कामशेतला आली. मग म्हणाल्या, “पन वादळ काढलं, तर कंदील कशापायी लागतोय?”

मी यादी काढून बसमधली मुलं पुन्हा मोजली.

आयोजकांचं पत्र आलं. सिस्टरांनी ते मला दाखवलं आणि म्हणाल्या, “नियम करावाच लागेल.” परिपत्रक मीच टाइप केलं: स्पर्धेच्या वेळी मदतनीस हॉलबाहेर थांबतील. मावशींनी एकेक अक्षर काढत सही केली. “बरं हाय,” त्या म्हणाल्या, “मी डब्यांपाशी बसंन.” पुढच्या स्पर्धेच्या यादीत मी एक ओळ वाढवली: मावशी – बाहेर. माझ्या यादीत त्या आल्या, त्या अशा.

जानेवारीत काजलला मी पुन्हा उभं केलं. सिस्टर कुरकुरल्या, तरी केलं. या वेळी कविता लहान घेतली. बसजवळ मावशींनी तिची कॉलर सरळ केली, पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, “जा.” पुढचं वाक्य त्यांनी गाळलं.

काजल स्टेजवर गेली. नाव सांगितलं, शाळेचं नाव सांगितलं, कवितेचं नाव सांगितलं. मग दाराकडे पाहिलं. दाराशी मी होते. मी पहिली ओळ ओठांनी म्हटली. तेवढी मला येत होती. मी करायला नको होतं. नियम माझाच होता. दुसऱ्या ओळीसाठी मी फाइलमध्ये पाहिलं, आणि मान वर केली तेव्हा तिनं डोळे खाली घातले होते. ती चार मिनिटं तशीच उभी राहिली. घंटा झाल्यावर नमस्कार करून उतरली.

बसपाशी मावशींनी विचारलं, “झालं?”

“झालं,” मी म्हणाले. त्यांनी काजलकडे पाहिलं, तिचा डबा उघडून हातात दिला आणि पोळीचा तुकडा मोडून दिला.

काजलला पाचवीत घेतलं नाही. मी सिस्टरांकडे दोनदा गेले, मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे एकदा. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. त्याच जूनमध्ये शाळेची साफसफाई एका एजन्सीकडे गेली आणि मावशींचं वय एजन्सीच्या नियमात बसलं नाही. तिथंही मी अर्ज लिहिला, प्रत ठेवली, फोन केले. त्या ओळीपुढं अजून खूण नाही. नव्या बाया चांगल्या आहेत. तालमीच्या वेळी फडकं थांबत नाही.

या वर्षी तिसरीतल्या एका मुलीला दीपस्तंभाचीच कविता हवी आहे. तिच्या स्पर्धेत वेळ सहा मिनिटं आहे, वादळ मावतं. पण ते मी फाडून टाकलं होतं. जुनं पुस्तक कुणाकडे मिळेना, इंटरनेटवरही ती कविता सापडेना. म्हणून गेल्या रविवारी मी वही घेऊन भाज्याला गेले.

लेण्यांच्या पायऱ्यांखाली मावशी कणसं भाजत बसल्या होत्या. मला बघून हसल्या. बसायला पोतं झटकून दिलं.

“काजल कशी आहे?”

“गावच्या शाळंत जाती.”

“बोलते का?”

“माज्याशी बोलती,” मावशी म्हणाल्या आणि कणीस फिरवलं.

मी आल्याचं कारण सांगितलं. त्या लाजल्या. “आता कुटं ऱ्हातंय ध्येनात,” म्हणाल्या. मग त्यांनी हातातला पंखा खाली ठेवला, चपला काढून बाजूला सारल्या आणि उठून उभ्या राहिल्या. ओठ हलायला लागले. कुठं अडखळणं नाही, कुठं थांबणं नाही. एक कडवं, मग दुसरं.

आवाज नव्हताच. मी पेन उघडून त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला एक शब्द वाचता येत नव्हता. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. माझ्या डोक्यावरून पलीकडे, स्टेज जिथं असायला हवं होतं तिथं, बघत होत्या.