चुलीवरचा डीव्हीडी प्लेयर

आईचा एक दावा होता आणि आम्ही घरातले सगळे त्यावर वर्षानुवर्षं हसत आलो. गौरी-गणपतीत डोंगरातल्या आमच्या गावी, कुडपणला, अंगणात नाच चालला होता, बाबा मधे उभे राहून गात होते, एका कडव्याला ते ओळच विसरले आणि ती आईने ओटीवरून ओरडून सांगितली. भर नाचात बाईमाणूस ओरडलं हे कोणाला पटणार! बाबांना विचारलं की मिशीत हसायचे. "मी आनि विसरन? ह्यॅ!" आई फणकाऱ्याने आत निघून जायची.

पुरावा होता, पण अडकलेला. मुंबईहून सणाला आलेल्या कोणीतरी त्या नाचाचं शूटिंग करून डिस्क दिली होती. ती अख्ख्या वाडीत फिरून आमच्याकडे परत आली तेव्हा तिच्यावर हा एवढा लांब ओरखडा. बाबांचं "गवळण... गवळण... गवळण..." सुरू व्हायचं, चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे आणि एकदम आरतीच लागायची. नेमकी आईची जागा गायब. "बघ, मशीनपन तुझ्या बाजूने नाय," असं मी तिला चिडवायचे. माझी जीभ पहिल्यापासून तिखटच.

मागल्या वर्षी बाबा गेले. वर्षश्राद्ध जवळ आलं तशी आई म्हणाली, "एकदा ती डिस्क लाव गो. ह्यांचा आवाज ऐकू दे." आमच्या जुन्या प्लेयरवर लावली, तर पडद्यावर नुसतं "नो डिस्क". महाडहून नणंदेचा नवाकोरा प्लेयर मी वर नेला. त्याने डिस्क आत घेतली, जरा घुरघुरला आणि बाहेर टाकली. आई डिस्क पदराला पुसत बसली. मला ते बघवेना.

आता आमचा जुनाच दुरुस्त करून बघायचा राहिला. भावाने तो मुंबईहून एसटीत मांडीवर घेऊन आणला होता. दोनदा फळीवरून पडला, उंदराने वायर कुरतडली, वीज पडून शेजारचा टीव्ही जळला तरी ह्याचा हिरवा दिवा चालू. वा रे बहाद्दर, असं म्हणत मी तो पिशवीत भरायला गेले तर हात काळेकुट्ट! आई तो पावसाळाभर चुलीवरच्या माळ्यावर, सुकटीच्या डब्याशेजारी, लुगड्यात बांधून ठेवायची. ओल लागू नये म्हणून. पहिल्या पावसाळ्यापासून!

"आई, ती काय मिरची हाय धुरावर धरायला?" मी केवढ्याने तरी ओरडले. ती एवढंच म्हणाली, "बियानं नाय ठेवत तिथं? तसंच ठेवलं."

महाडच्या बाजारातल्या रिपेअरवाल्या काकांनी झाकण उघडलं आणि दुकानभर चुलीचा वास सुटला. "ताई, आत सुकट लपवलीय का?" म्हणत ते खो खो हसले. डिस्क वाचणाऱ्या भिंगावर काजळीचा थर होता. कापसाने, स्पिरिटने ते इतक्या हळू पुसत होते की मीच श्वास रोखून बसले. मग त्यांनी मला जवळ बोलावलं.

"हे बघा. तुमच्या डोंगरातून येणाऱ्या मशीनची सर्किटं गंजून हिरवी झालेली असतात. हिच्यावर एक डाग नाय. कोरडी ठणठणीत. भिंग तेवढं काळं झालं, ते पुसलं. ही अक्कल कोणाची?"

"आईची," मी म्हटलं आणि मला माझीच लाज वाटली.

"आणि ओरखड्याचं?" मी डिस्क पुढे करून विचारलं.

"भिंग साफ असलं तर ही जुनी मशीन ओरखडापण ओलांडून जाते कधीकधी. चिवट असते. नवीन असते ना, ती ओरखडा लागला की हात वर करते. लावून बघा."

दुपारी घरी लावली. आई टीव्हीपासून हातभरावर बसली. बाबांनी हात उंचावला. "गवळण..." मी डोळे मिटून घेतले. दुसरं "गवळण" आलंच नाही. डोळे उघडले तर बाबा तोंड उघडं टाकून उभे, ढोलकी नुसतीच वाजतेय, नाचणारे एकमेकांकडे बघतायत. आणि कॅमेऱ्याच्या मागून एक तरणा, खणखणीत आवाज आला, "डोईवर घागर!"

बाबा ओटीकडे वळले. "अगो, माहीत हाय मला!" असं हसत ओरडले आणि तीच ओळ गायला लागले.

"माहीत हाय म्हनं. खोटारडे," आई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"आई, चुकलं गं माझं."

"गप. परत लाव."

मी परत लावलं. पुन्हा ती जागा आली, बाबा थांबले, आणि टीव्हीतून आवाज यायच्या आधीच आई हात उंचावून ओरडली, "डोईवर घागर!"