चौदा गोण्या पाला

"गार लागतंय का?"

नाव, गाव, नमस्कार या सगळ्याच्या आधी मावशींचा हा प्रश्न यायचा. त्याच्याही आधी त्या समोरच्याचं मनगट धरून त्याला खाली बसवायच्या आणि त्याचा हात वाफ्यावरच्या वाळक्या पाल्याखाली सारायच्या. वर ऊन भाजत असायचं आणि पाल्याखाली माती ओलसर, गार. माणूस दचकायचा. पाणी कधी दिलं, म्हणून विचारायचा. मावशी म्हणायच्या, "परवा. आता काढा हात, तिला झोपू द्या."

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला होता. लांबचं धूसर दिसायचं. "मी हातानंच बघते," असं त्या सांगायच्या.

अशा कार्यशाळांना तुम्हीही गेला असाल. तिथे एक बोलणारा असतो आणि एक करणारा. आमच्याकडे बोलणारे सर होते. मखमलाबाद रस्त्यावर एका सभागृहामागे मोकळी जागा होती. मेलेली माती पुन्हा जिवंत कशी करायची, हवामानाला जपणारी बाग कशी लावायची, हे तिथे दर रविवारी सकाळी शिकवलं जायचं. आत सर पडद्यावर चित्रं दाखवून सेंद्रिय कर्ब समजावून सांगत. मग सगळे मागच्या दाराने बाहेर येत आणि मावशी तेच आपल्या भाषेत सांगत. "मातीला उघडं पाडू नका. आपल्याला तरी चालतं का?" गच्चीवर कुंड्या लावणाऱ्या बायका, निवृत्त काका हसायचे, आणि वहीत 'सेंद्रिय कर्ब' लिहून घ्यायचे.

मी सिन्नरची. वडील औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत आणि आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. कॉलेजात समाजकार्याचे तास भरावे लागतात, ते भरले की प्रमाणपत्र मिळतं. मी त्यासाठी गेले होते, खोटं कशाला सांगू? मावशींनी माझं नाव विचारलंच नाही. "ये कॉलेज, ती पाटी उचल," म्हणाल्या. पुढे दोन वर्षं मी 'कॉलेज'च राहिले.

मला एक सवय होती, ती इथे सांगायलाच हवी. आमच्या घरी अंगण झाडल्याशिवाय चहा ठेवत नाहीत. दारात पाचोळा दिसला तर ते आळशाचं घर, असं आई म्हणते. पहिल्याच रविवारी मी कोपऱ्यातला झाडू उचलला आणि वाफ्यांमधली वाट झाडत झाडत वाफ्यापर्यंत पोचले. मावशींनी झाडू काढून घेतला. "तुझ्या हाताला लय खाज हाय. वाट झाड. वाफ्याला झाडू लावला तर माझ्याशी गाठ हाय." त्यानंतर मी आले की त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "झाडू लपवा रे, कॉलेज आली."

त्यांची आणि घंटागाडीची मात्र रोजची झटापट. गाडीचं गाणं वाजलं की लोक डबे घेऊन धावतात, तशा मावशीही धावायच्या, पण गाडीतून काढून घ्यायला. आजूबाजूच्या सोसायट्यांनी गोण्यांत भरून दिलेला पाला त्या उतरवून घ्यायच्या. ड्रायव्हर वैतागायचा.

"आजी, लोक कचरा टाकतात, तुम्ही चोरता."

"कचरा नाय, जेवण हाय."

"कोणाचं?"

"जिचं तू खातो, तिचं."

तो हॉर्न वाजवायचा, पण गोणी खाली उतरवून द्यायचा. त्या जागेत आधी बांधकामाचा राडारोडा पुरलेला होता, कुदळ मारली तर उडायची म्हणे. तीन वर्षं एकेक गोणी आणून मावशींनी तिथे बोटं रुततील अशी माती केली होती. गांडुळं सापडली त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले होते, ते मी ऐकलेलं. मी तेव्हा नव्हते.

एवढा जीव का, ते मला एका दुपारी कळलं. आम्ही परत निघालो होतो. वाटेत एका मोठ्या इमारतीच्या गेटबाहेर मावशी थांबल्या आणि आतल्या पार्किंगकडे बोट करून म्हणाल्या, "ती पांढरी गाडी हाय ना, तिच्याखाली माझी मेथी असायची. पल्याड वांगी." नवरा गेल्यावर दीर-पुतण्यांनी मळा विकला. मावशींना एवढंच सांगितलं गेलं की अंगठा कुठे उठवायचा. हे त्यांनी न रागावता सांगितलं. वॉचमन आमच्याकडे बघायला लागला तशा त्या चालू लागल्या. "आता तेवढी सभागृहामागचीच राहिली. ती बी गेली तर मी नुसती म्हातारी."

आणि ती जाणार की राहणार, हे यंदाच्या उन्हाळ्यात ठरायचं होतं. जागा आमची नव्हती. तिथे फरशा बसवून बाकडी टाकावीत, असं काही जणांचं म्हणणं होतं. ज्यांच्या सहीने निर्णय व्हायचा ते साहेब एका रविवारी बघायला येणार होते. सर काळजीत होते. मावशींना कसलीच काळजी नव्हती. "येऊ दे त्यांना. मी बोलणारच नाय. हात घालायला लावते." त्या आठवड्यात त्या लेकीच्या बाळंतपणासाठी देवळ्याला गेल्या. रविवारी पहिल्या एसटीने येते म्हणाल्या. जाताना मला म्हणाल्या, "कॉलेज, लक्ष ठेव."

बुधवारी सरांचा फोन आला. साहेब येणार आहेत, जागा स्वच्छ दिसली पाहिजे, कुठे कचरा नको. मी हो सर म्हटलं. सरांना 'म्हणजे नक्की काय काढू' असं विचारायला मी घाबरले. आपल्याला एवढंही कळत नाही असं त्यांना वाटलं तर?

गुरुवारी मी वाफे झाडले.

मला माहीत नव्हतं असं नाही. 'माती झाकून ठेवा' ही तिथली पाटी माझ्याच अक्षरात होती. तरीही मला वाटलं, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, नंतर पुन्हा घालू. मी इतकं मन लावून झाडलं की मातीवर झाडूच्या रेघा उमटल्या. मिरचीची, वांग्याची रोपं उघड्या मातीत ओळीने उभी राहिली आणि मला ते सुंदर दिसलं. आई असती तर शाबास म्हणाली असती. चौदा गोण्या पाला निघाला. भिंतीकडेला रचून ठेवणार होते, पण तोही कचराच दिसला असता. शुक्रवारी घंटागाडी आली. ड्रायव्हर गोण्यांकडे बघत राहिला.

"आजींना विचारलं का?"

"सरांनी सांगितलंय," मी म्हटलं.

रविवारपर्यंत वैशाखाच्या उन्हाने आपलं काम केलं. मी रोज संध्याकाळी पाणी मारत होते, त्याने मातीवर पापडी धरली. रोपांनी माना टाकल्या. साहेब आले, वाफ्यांमधून एक फेरी मारली आणि सरांना विचारलं, इथे तीन वर्षं नक्की काय केलं. सर सेंद्रिय कर्बाबद्दल बोलायला लागले. साहेबांनी घड्याळ बघितलं.

तेवढ्यात मावशी आल्या. बसस्टँडवरून थेट आल्या होत्या. डोक्यावर गोणी होती, लेकीच्या शेतातल्या वाळलेल्या कांद्याच्या पातीची. त्यांनी ती खाली टाकली, साहेब कोण ते विचारलं आणि पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं. साहेब गोंधळले, पण वयाकडे बघून उकिडवे बसले. मावशींनी दुसरा हात सवयीने पाला बाजूला करायला घातला.

हात मातीवर टेकला आणि तिथेच राहिला. साहेबांचं मनगट त्यांच्या दुसऱ्या हातात तसंच होतं. मी मागे उभी होते. त्यांनी तो हात वाफ्यावर इकडे फिरवला, तिकडे फिरवला. मग मनगट हळूच सोडून दिलं.

"काय झालं, आजी?" साहेबांनी विचारलं.

"काय नाय. ऊन लय हाय."

साहेबांची गाडी गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "कॉलेज, पाला कुठं गेला?"

मी म्हटलं, सरांनी स्वच्छ करायला सांगितलं होतं. सर म्हणाले, "मी कचरा काढायला सांगितलं होतं, पाला नाही. एवढं दोन वर्षं शिकवलं आपण." दोघंही खरं बोलत होतो. मावशी खाली वाकल्या आणि झाडूच्या एका रेघेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "रेघा चांगल्या आल्यात."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी गोणी उघडली, कांद्याची पात पसरली. ती एकाच वाफ्याला पुरली. मग पिशवी काखेत मारून त्या गेल्या. पुढच्या रविवारी आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही.

जागा मोकळीच आहे, असं साहेबांनी लिहिलं. पावसाळ्याआधी फरशा बसल्या. कार्यशाळा अजून होते, आता फक्त सभागृहात. पडद्यावर एक चित्र येतं, पाल्याखाली गेलेला मावशींचा सुरकुतलेला हात. खाली नाव नाही. लोक फोनवर त्याचा फोटो काढतात. मला प्रमाणपत्र मिळालं. त्यावर 'माती संवर्धनातील योगदानाबद्दल' असं छापलंय. वडिलांनी ते काचेत बसवून सिन्नरच्या घरी दारासमोरच लावलंय, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचून दाखवतात.

मावशींकडे जाऊन माफी मागायला हवी होती. दोनदा निघाले, दोनदा अर्ध्या वाटेतून परत आले.

परवा सकाळी मी राहते त्या खोलीसमोर घंटागाडी थांबली. ड्रायव्हर तोच होता. आधी ओळख दाखवली नाही, मग स्वतःहूनच म्हणाला, आजी आता त्या मोठ्या बिल्डिंगमध्ये झाडायला जातात. पार्किंग झाडतात. पाला गोणीत भरून रोज गेटवर तयार ठेवतात, त्याच्याच गाडीत टाकायला.

"मी एकदा बोललो त्यांना. म्हटलं, आजी, एखादी गोणी ठेवा की तुम्हाला."

"मग?"

"म्हणाल्या, ठेवू कुठं?"

मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली. मी सुक्या कचऱ्याची बादली त्याच्या हातात दिली.