कुत्याचं मूळ गाव

मी दुबईला निघालो तेव्हा आमच्या गुहागरकडच्या गावात आई रडली, शेजारीण रडली, रिक्षावाल्याचेही डोळे ओलावले. माझे वडील, अण्णा, तेवढे कुत्र्यावर ओरडत होते. आमचा काळू रिक्षामागे धावत सुटला होता. चिपळूणपर्यंत तरी धावला असेल. आई म्हणते, नाक्यापर्यंत. "हाड! माघारी फीर, मेल्या!" अण्णांचा तो शेवटचा मोठा आवाज. पुढे कॉलवर ते नुसतं "बरं आहे" म्हणत आणि फोन आईकडे देत. ज्या माणसानं आमच्या विहिरीत देवमासा पाहिला होता, तो माझ्याशी बोलताना दोन शब्दांवर आला.

दुबईत अल कुसैस भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये हंगेरीची इलोना राहते. तिचा म्हातारा कुत्रा उंटाएवढा. बरं, वासराएवढा. ऑफिसला जाताना ती त्याला आमच्याकडे सोडते. त्यांच्या भाषेत कुत्र्याला 'कुत्या' म्हणतात, हे कळल्यावर माझी छाती फुगली. "मॅडम, हा शब्द आमचा! गुहागरच्या खलाशांनी तुमच्याकडे पोचवला."

"हंगेरीला समुद्र नाही."

"तेव्हा होता!"

माझ्या लेकीनं, सईनं, कपाळाला हात लावला. "बाबा, यू आर सो एम्बॅरसिंग!"

इलोना हसली. म्हणाली, तो शब्द कुठून आला हे आमच्या पंडितांनाही नक्की ठाऊक नाही. कुत्र्याला हाक मारता मारता त्या हाकेचाच शब्द झाला असावा.

पुढच्या कॉलवर अण्णा फोन आईकडे देणार, एवढ्यात मी विचारलं, "अण्णा, आमच्याकडे एक हंगेरीचा कुत्रा येतो. तिकडे कुत्र्याला कुत्या का म्हणतात?"

वाटलं, खलास, नेट गेलं. मग अण्णा खाकरले.

"माझे पणजोबा गेले होते ना तिकडे. होडीतून."

"हंगेरीला समुद्र नाही, अण्णा."

"मग मी काय सांगतोय? होडी डोक्यावर घेऊन गेले!"

मी इतका हसलो की डोळ्यांना पाणी आलं. "आहे का तो कुत्रा तिथं?" अण्णांनी विचारलं आणि तोंड फोनला चिकटवलं. "यू, यू, यू!" सोफ्याखाली घोरणारं ते धूड धडपडत उठलं आणि स्क्रीन चाटू लागलं.

"बघ, आला हाकेला," अण्णा म्हणाले. मग हळूच, "त्या दिवशी काळूवर ओरडलो नसतो, तर तुलाच माघारी फीर म्हटलं असतं रे."

तुम्ही गावाकडे राहिलेले विचारता, आता घर कुठलं? हंगेरीच्या पंडितांसारखं माझंही आहे, नक्की सांगता येत नाही. पण अण्णांचा फोन वाजला की मी आणि तो कुत्रा एकदमच उठतो. सई म्हणते, बाबाच आधी पोचतो.

ही मात्र थाप नाही.