सीतादईचा दहीभात आणि जुना फेरफार

देव असलाच तर आपल्या बाजूचा नाही, असं मी त्या वर्षी ठरवूनच टाकलं होतं. कापसाची ती वाईट वर्षं. घाटंजीकडे जो तो वावर विकायला काढत होता. भासरे, म्हणजे माझ्या यजमानांचे थोरले भाऊ, वारले आणि त्यांच्या मुलानेही आठ एकर विकायला काढलं. त्यातलं निम्मं आमचं. वीस वर्षं मीच ते कसत होते. पण वाटणी झाली होती तोंडी, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नारळ फोडून. सातबाऱ्यावर नाव एकट्या भासऱ्यांचं. मी टुमणं लावलं की यजमान हसून म्हणायचे, "भावाभावात कागद कायले वं? दादा हाये नं." दादा गेले, त्यांच्याआधी हेही गेलेले, आणि मी तहसिलीच्या पायऱ्या झिजवत होते. भासऱ्यांना मनातल्या मनात शिव्या देण्याचा माझा नेम मात्र एक दिवस चुकला नाही.

आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेच्याआधी सीतादई करतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, बुडाशी दहीभात ठेवायचा, हात जोडायचे, मग बोंडाला हात लावायचा. आम्ही दोघी जावा हे मिळून करायचो. त्या वर्षी मी जाऊबाईंना बोलावलं नाही. पुतण्याच्या वारसनोंदीवर मी हरकत घेतली होती, त्याची दुपारी तारीख होती. सकाळीच एकटीने उरकलं. मागणंही सुचेना. "तुले दिसते तसं कर, माय," एवढंच चिडून म्हणाले आणि उरलेला भात डब्यात भरून एसटीत बसले.

तहसिलीत साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, पुढच्या तारखेला कागद आणा." कागद असता तर मी आले असते कशाला? बाहेर बाकावर येऊन बसले. शेजारी एक अनोळखी म्हातारे बसले होते.

"माय, डब्यात काय हाये?"

"सीतादईचा परसाद."

"मंग दे नं थोडा."

त्यांनी सावकाश खाल्लं, हात पुसले आणि माझा सातबारा मागून घेतला. भासऱ्यांच्या नावाजवळ वर्तुळात एक आकडा होता, त्यावर बोट ठेवलं. "या नावाशी काहून भांडून राह्यली? ते नाव कसं चढलं ते पाह्य. हा फेरफाराचा नंबर. रेकॉर्डातून जुनी नक्कल माग."

मी अर्ज देऊन आले तेव्हा बाक रिकामा होता. डब्याला झाकण नीट लावलेलं होतं. ते कोण होते, मला आजही ठाऊक नाही.

काही दिवसांनी नक्कल मिळाली. सासरे गेल्यानंतरची नोंद. भासऱ्यांचं नाव एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून लागलेलं, आणि खाली त्यांचा जबाब: जमीन आम्हा दोघा भावांची, धाकट्याचा निम्मा हिस्सा मला कबूल. त्याखाली त्यांची वाकडीतिकडी सही. ज्यांना मी रोज शिव्या घालत होते, त्यांनीच माझं वावर राखून ठेवलं होतं. मला इतकी लाज वाटली की तिथेच रडू फुटलं. पुढच्या तारखेला पुतण्याने बापाची सही ओळखली. "काकू, मले खरंच माईत नव्हतं," म्हणाला आणि त्याने संमती दिली. निम्म्या वावरावर माझं नाव लागलं.

पुढच्या सीतादईला मी जाऊबाईंच्या दारात गेले. "बाई, चला नं वावरात." त्या उठल्या, चुलीजवळचा दहीभाताचा गडवा उचलला आणि म्हणाल्या, "मांगच्या सालीही करून ठेवला होता वं. दुपारलोक वाट पाह्यली तुयी."

आम्ही दोघींनी पऱ्हाटीपुढे हात जोडले. आताही मी तेच म्हणते, "तुले दिसते तसं कर, माय." फक्त आता चिडून म्हणत नाही.