उतरंडीमागची कॅन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आणि तिला तर मी लग्नाआधीच्या भानगडीही मीठमसाला लावून सांगितल्या आहेत, भानगडी झालेल्या नसताना.

मला लोक ओळखतात ते स्वतःची फजिती स्वतःच सांगत सुटणारा माणूस म्हणून. पवनारला धाम नदीत पोहायचा रुबाब करायला गेलो आणि दोन म्हाताऱ्यांनी मला कमरेइतक्या पाण्यातून ओढून काढलं, हे मीच सांगतो. ग्रामपंचायतीला उभा राहिलो आणि घरात होती तेवढीही मतं पडली नाहीत, हेही मीच सांगतो. अजूनही घरच्यांच्या तोंडाकडे मी जरा संशयानंच बघतो. यानं एक सोय होते. फजित्या अशा उघड्यावर मांडून ठेवल्या की लोकांना वाटतं, या माणसानं झाकून ठेवलेलं काही नसणारच.

कोर्टातला माझा एक किस्सा आहे. लग्नाघरी, वास्तूला, एसटीची वाट बघताना — लोक मागून घेतात तो. मी एका ठिकाणी तो थांबवतो, लोक हसतात, विषय बदलतो. आज त्याच्या पुढचं सांगायचं आहे. पण त्याआधीचं थोडं सांगावं लागेल. मी वेळ काढतोय असं वाटेल तुम्हाला. काढतोच आहे.

नव्वदनंतरची ती वर्षं. जामच्या चौरस्त्यावर माझं दुकान होतं — ट्रकवाल्यांना लागणारं सगळं, बल्ब, फ्यूज, दोर, ताडपत्री. दुकान म्हणजे टिनाचं शेड, आणि शेड सरकारी जागेत. आमचा जिल्हा दारूबंदीचा. म्हणजे दारू पकडणं पोलिसांचं नेहमीचं काम, आणि ती पकडलेली कोर्टात शाबीत व्हावी म्हणून पंच लागतात — जप्ती आमच्या डोळ्यांसमोर झाली असं सांगणारी गावातली दोन माणसं. आता धंदा सोडून नाल्यानाल्यानं कोण हिंडणार? हवालदार कागद घेऊन दुकानातच यायचे. "भाऊ, मारा एक सही. तुमची सही पाहून सायबही खूश होते." मी मारायचो. एका हातानं गिऱ्हाइकाला बल्ब दाखवत दुसऱ्यानं मारायचो. पोलीस आपल्याला भाऊ म्हणतात, चहा पाजतात, याचा मला — हसा, हसा — अभिमान होता. बहुतेक प्रकरणांत आरोपी गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, घरी जायचा. माझ्या सहीनं कुणाचं काही बिघडतं हे मला कधी दिसलं नाही. की मी पाहिलं नाही?

आता बबन.

बबन कालव्यावर रोजंदारीचा चौकीदार. कायम व्हायची ऑर्डर आज येते, उद्या येते, अशात होती. ड्यूटी संपली की माझ्या दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसायचा आणि म्हणायचा, "हं भाऊ, काय झालं मंग?" — मी काही सांगायला सुरुवातही केलेली नसताना. असा ऐकणारा मला पुन्हा मिळाला नाही. कुठं हसायचं हे त्याला माझ्याआधी कळायचं, पण तो थांबायचा, मला शेवटापर्यंत जाऊ द्यायचा. माझ्या गोष्टींना शेवटी एक कलाटणी असते, हे त्याला पाठ होतं.

छपरावर नवे कवेलू टाकले तेव्हा त्यानं मला जेवायला बोलावलं. एकट्या मला. त्याची बायको वच्छला, हिनं पाटवडीचा रस्सा केला होता. जागा एवढीशी, तरी मला पाट मांडून बसवलं, समोर मडक्यांची उतरंड, आणि दोघंही उभे राहून वाढत होते. मी तीन वेळा पाटवडी मागून घेतली आणि चौथ्यांदा लाजलो. हे जेवण लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

पुढं एका पावसाळ्यात त्याच्या घरामागच्या नाल्याकाठी, बेशरमाच्या झुडपांत, मोहाच्या दारूची एक प्लास्टिकची कॅन सापडली. कुणाची, देव जाणे. सगळ्यात जवळचं घर बबनचं. हवालदार नेहमीसारखे दुकानात आले, मी नेहमीसारखी सही मारली. नावही वाचलं नाही.

जामिनावर सुटून बबन आला तो थेट बाकावरच. रागात नव्हता. उलट त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. म्हणाला, "भाऊ, कागदावर घरातून कॅन काढली असं लिवलं हाये, अन् खाली तुमची सही. मी वकिलाले म्हटलं, आता काय भेव नाई. भाऊ त आलेच नोहते. सायबापुढं फक्त तेवढंच सांगजा."

मी म्हणालो, "हाव ना रे. सांगतो ना."

आणि मी खरंच सांगणार होतो. निदान साक्षीचं समन्स हातात पडेपर्यंत तरी. त्या दिवशी तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात हवालदारांनी मला चहा पाजला. "भिऊ नका भाऊ. जसं लिवलं तसं सांगा. फितूर झाले त आमच्यावर येते, अन् न पाहता सही काऊन केली म्हणून तुमच्यावरही येते." मग बशीतला चहा संपवून म्हणाले, "तुमच्या शेडचं तं मीच सांभाळून राह्यलो ना." एवढंच. आवाज एकदम मऊ. माझा कप खाली ठेवताना बशीवर वाजला, आणि मी तो मुद्दाम वाजवल्यासारखा हसलो.

पुकारा झाला. ईश्वराला साक्ष ठेवून खरं सांगेन, असं म्हणालो. सरकारी वकिलानं विचारलं आणि मी कागदावरचं घडाघडा सांगितलं — अमुक ठिकाणी गेलो, कॅन माझ्यासमोर काढली, सही माझीच. सांगताना बबनकडे बघितलं नाही. मनाशी म्हटलं, उलटतपासणीत फिरवू. खरंच म्हटलं का? का आता ही जुळवाजुळव करतोय? मला सांगता येत नाही.

बबनचा वकील उठला. तरुण होता, पण प्रश्नांची तयारी करून आलेला. म्हणाला, "शपथेवर खोटी साक्ष दिली तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, माहीत आहे ना तुम्हाला?"

मी म्हणालो, "माहीत आहे साहेब. लग्नाला सातच वर्षं झालीत माझ्या. अंदाज आहे."

कोर्ट हसलं. टाइप करणारे बाबू थांबले, शिपाई तोंड फिरवून हसला, न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसायला घेतला. माझा किस्सा इथंच संपतो. तुम्ही ऐकला असेल तर इथवरच ऐकला आहे.

वकिलानं हसू विरू दिलं. मग शांतपणे विचारलं, "ठीक. तुम्ही त्या घरात शिरलात. काय काय दिसलं, सांगा."

या प्रश्नावर असे पंच पडतात. घर पाहिलेलंच नसतं, मग दार पूर्वेला की पश्चिमेला इथंच त्यांची तंतरते. बबननं त्याला खात्रीनं सांगितलं असणार की भाऊ आलेच नव्हते. जेवणाचं मात्र सांगितलं नसणार. कोण सांगेल? पाहुणा म्हणून कुणाला जेवू घातलं, ही वकिलाला सांगायची गोष्ट असते का? वकिलानं माझ्यासमोर दार सताड उघडं करून दिलं होतं. एक वाक्य पुरे होतं — माहीत नाही साहेब, मी गेलोच नव्हतो.

मी म्हणालो, "दार निळं आहे, ठेंगणं. मान वाकवून जावं लागतं. डाव्या हाताला चूल, चुलीवरच्या भिंतीला कॅलेंडर, त्याचा खालचा कोपरा धुरानं काळा झालेला. वर कवेलू नवे. समोर उतरंड आहे, पाच मडक्यांची, खालून दुसऱ्या मडक्याचा काठ फुटलेला आहे. त्या उतरंडीमागं कॅन होती."

कॅन उतरंडीमागं होती, असं तर पोलिसांच्या कागदातही नव्हतं. तिथं नुसतं 'घरातून' असं होतं. हवालदारच माझ्याकडे आ वासून बघत राहिले. वकील खाली बसला नाही, पण बसल्यासारखाच झाला.

आणि मग मी बबनकडे बघितलं. तो ओठ किंचित उघडे ठेवून माझ्याकडे बघत होता. ती नजर मला बाकावरून पाठ होती. तो कलाटणीची वाट बघत होता. भाऊ आता फिरवतील, आता काहीतरी म्हणतील आणि सगळं उलटं होईल. मी पिंजऱ्यातून उतरलो, तरी तो थांबलेलाच होता.

बाहेर वच्छला उभी होती. मला चुकवून जाता आलं असतं, पण ती वाटेतच होती. ओरडली नाही. म्हणाली, "भाऊजी, जेवाले आले तवा डोये झाकून जेवले असते त बरं झालं असतं." डोक्यावरचा पदर नीट केला आणि आत गेली.

बबनला काही महिन्यांची सजा लागली. कायम होणाऱ्यांच्या यादीतून नाव उडालं. वर्ध्याला अपील केलं होतं, ते चालू असताना ओळखीचे एक वकील बॅटरी घ्यायला दुकानात आले. मी विचारलं — माझ्या एका दोस्ताचं असं असं झालं आहे. त्यांनी बॅटरी खाली ठेवली. म्हणाले, "दोस्त कोण, हे मी पुसत नाही. त्यानं आता कोर्टात येऊन खरं सांगितलं त तो दुसरा माणूस सुटू शकते. दोस्तावर खटला होईन. सात वर्ष कोणी देत नाही, पण आत जावं लागू शकते."

"अन् नाई सांगितलं त?"

"त काही नाही. कोर्टानं स्वतः मनावर घेतल्याबिगर होत नाही ते. कोण उकरत बसते? मात्र एक हाये — एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्याले मुदत नसते. वीस वर्षानंही होऊ शकते."

मी त्यांच्या तोंडून जे ऐकायला बसलो होतो ते 'काही नाही' एवढंच होतं. त्यांना बॅटरी थोडी स्वस्तात दिली. अपील फेटाळलं गेलं, तेव्हा मी दुकानातच होतो.

दोन हजारनंतर रस्ता रुंद झाला, माझं शेड पडलं. त्याला शिक्षा म्हणू नका, मीही म्हणत नाही; मला लवकरच पलीकडे पक्का गाळा मिळाला, आणि मग सिंदी मेघेला घरही झालं. बबन हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या गठाणी उचलायला जाऊ लागला. एकदा बसमध्ये दिसला, खोकत होता. शेजारची जागा रिकामी होती. मी पुढं उभा राहिलो, वर्ध्यापर्यंत. त्यानं मला पाहिलं की नाही, मला माहीत नाही. पाहिलं असेल.

आता जे मी तुमच्यापर्यंत पोचू देत नव्हतो ते. शेडची भीती, हवालदारांचा दम — हे सगळं खरं आहे, आणि एवढंच असतं तर मी ते कधीच सांगून टाकलं असतं. भित्रेपणाचा किस्साही मला रंगवता येतो. पण वकिलानं तो प्रश्न विचारला तेव्हा मी घाबरलेलो नव्हतो. कोर्ट नुकतंच हसलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, पुढचं वाक्य ऐकायला थांबले होते. चूल सांगितली, कॅलेंडर सांगितलं, आणि मला वाटलं, आता एक फुटलेला काठ हवा. तो दिला की गोष्ट उभी राहते. मला मजा येत होती. एक माणूस बुडत होता आणि मला मजा येत होती.

म्हणून हे आता जसं सांगायला हवं होतं तसं, रंग न लावता. त्या दिवशी मी बबनच्या घरी गेलो नव्हतो. मी दुकानात होतो. कॅन मी पाहिली नाही. उतरंडीमागं काही नव्हतं. कोर्टात सांगितलं ते खोटं होतं, आणि सांगताना माझ्यावर कुणाचाही दबाव नव्हता.