दोन लोटे पाणी

रंभाबाईकडे माझे पहिल्यांदा लक्ष गेले ते १९७४ च्या रोवणीत, धानाची रोपे लावायच्या दिवसांत. शाळेच्या खिडकीखालीच धानाची बांधी होती. बारा बायांच्या ओळीत तिचा पट्टा सगळ्यांच्या आधी संपायचा. "गुरुजी, पोट्टे वाट पाऊन राहिले," मान वर न करता ती म्हणाली, "आमचे पाय कायले मोजता?" बाया हसल्या. मी खडू शोधू लागलो.

दोन वर्षांनी धानाच्या भाऱ्यांनी भरलेल्या बैलबंडीवरून ती पाठीवर पडली. महिन्याभराने चालू लागली, पण लघवी थेंबथेंब गळायची, लुगडे ओलेच राहायचे. रोवणीची टोळी ललिताबाईची. ती म्हणाली, "बाई, तू धुऱ्यावर बस. वास येते." त्या दिवशी रंभाबाई ओळीतून निघाली, बांधावर जाऊन बसली.

एका डॉक्टरने चिठ्ठी दिली: लघवी धरायची ताकद गेली आहे, पाणी कमी प्यावे. ती मीच वाचून दाखवली आणि शिकलेला माणूस म्हणून वर बजावले, "दिवसाला दोन लोटे. जास्त नाही."

सहा-सात वर्षे तिने माझे ऐकले. ताप यायचा, कंबर दुखायची. ती पाणी आणखी कमी करायची.

१९८३ मध्ये ती तापात बरळू लागली, तेव्हा तिचा नवरा भैय्यालाल आणि मी तिला नागपूरला नेले. ताप उतरल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला आधी लघवी करून यायला सांगितले, मग पडद्याआड नळी घातली. तरी सव्वा लिटर निघाली. टाचणी टोचली तर बैठकीची जागा बधिर. पडताना मणक्यातल्या नसा दबल्या होत्या; लघवीची पिशवी भरल्याचे तिला कळत नव्हते, रिकामीही होत नव्हती.

"गावात तलाव आहे ना? सांडव्यावरून पाणी केव्हा जाते?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"तलाव भरला का जाते जी," रंभाबाई म्हणाली आणि माझ्याकडे पाहिले. त्या तलावाच्या मातीच्या पारीवरून मी रोज शाळेत जात होतो.

आरसा ठेवून स्वतः नळी घालायला ती आठ दिवसांत शिकली. लुगडे कोरडे झाले. तुंबलेल्या लघवीने एक मूत्रपिंड मात्र निकामी झाले होते, दुसरे अर्धे उरले होते.

पुढच्या रोवणीला ती बांधीवर गेली. ललिताबाई म्हणाली, "नळी घालतेस म्हणे. शेताच्या मालकाले चालत नाही."

"मालकाले इचारलं?"

"इचारायचं कायले?"

परतताना ती शाळेपाशी थांबली. "गुरुजी, दोन लोटे चिठ्ठीत होते का?"

"नाही. 'कमी' एवढंच होतं."

"मले वाटलंच," ती म्हणाली.

भैय्यालाल वारल्यापासून आता ती शहापूरला भावाकडे असते. रोवणीला सगळे शेतात जातात, तेव्हा घर राखते.